आठव्या जोडानंतरचा चहा

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका दालमिलमध्ये मी पहिल्यांदा रोबोट चालू केला तेव्हा तो पाहायला बावीस माणसं जमली होती. मी मोजली होती. रोबोटभोवतीच्या जाळीच्या आत एकही माणूस नसणं ही माझी जबाबदारी असते, आणि त्या दिवशी जाळीला टेकलेले, जाळीतून बोटं आत घातलेले आणि पिंपावर चढलेले असे तिन्ही प्रकारचे लोक त्या दालमिलमध्ये हजर होते. रोबोटने एक भरलेलं पोतं उचललं, डावीकडे वळून ते खाली ठेवलं आणि परत आपल्या जागी येऊन थांबला. मग मागून एक हमाल म्हणाला, "बस? हे त मी मिसा फुटाच्या आधीपासून करून राहिलो."

त्याचं बरोबर होतं. पोतं कुठे आहे, त्यातला माल कुठल्या बाजूला सरकला आहे, ठेवताना खालच्या पोत्याचं तोंड दबेल का, हे सगळं त्याला कोणी न शिकवता येत होतं. रोबोटला तेवढं शिकवायला मला सात आठवडे लागले. मी सुरुवात कारखान्यांच्या इलेक्ट्रिक पॅनेलच्या वायरिंगपासून केली, गेली नऊ वर्षं रोबोटचं काम करते. घर अमरावतीला, गिऱ्हाइकं बहुतेक अकोल्याला, त्यामुळे सकाळी बडनेऱ्याहून गाडी आणि संध्याकाळी परत. माणसाला सहज येणारी गोष्ट नेमकी येते कशी, याचं कुतूहल मात्र एवढ्या वर्षांत कमी झालेलं नाही. उलट वाढलंच आहे.

काम काय, ते थोडक्यात सांगते. कारखान्यातला रोबोट म्हणजे सिनेमातला चालता-बोलता माणूस नव्हे. जमिनीला बोल्टने घट्ट बसवलेला, सहा सांध्यांचा एक लोखंडी हात. ताकद भरपूर, नेमकेपणाही भरपूर, पण काम कोणतं करायचं ते त्याला माहीत नसतं. ते सांगायची प्रत्येक कंपनीची आपली भाषा असते आणि ती बहुतेक कुलूपबंद असते. काही बदल हवा असला की कंपनीचा इंजिनिअर बोलवा, तो पुण्याहून येईल तेव्हा येईल.

दुसऱ्या बाजूला, जगभरातल्या विद्यापीठांतल्या आणि उद्योगांतल्या लोकांनी मिळून रोबोटसाठी एक मुक्त सॉफ्टवेअर लिहिलेलं आहे. ते कोणीही घ्यावं, उघडून पाहावं, आपल्या गरजेप्रमाणे बदलावं आणि जमल्यास तो बदल सगळ्यांसाठी परत ठेवावा. प्रयोगशाळेत वाढलेलं हे सॉफ्टवेअर फार हुशार आहे. मधला अडथळा चुकवून पलीकडच्या वस्तूपर्यंत हात कसा न्यायचा, हे ते क्षणात शोधून काढतं. पण कारखान्याची त्याला सवय नाही. सव्वाअकराला लाइट जाईल, पावणेबाराला येईल आणि आल्यावर हाताने आपल्या मनाने हलायचं नाही, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. तेच काम दिवसातून चारशे वेळा, चारशेही वेळा सारखंच करायचं, हेही नाही. ते सांगणं हा माझा धंदा.

एक गोष्ट मात्र मी या सॉफ्टवेअरवर कधीच सोपवत नाही: लाल बटण. ते दाबलं की रोबोटची वीज तुटते. त्याची तार कॉम्प्युटरमधून जात नाही, सरळ वीज तोडणाऱ्या रिलेकडे जाते. जाळीच्या दाराचंही तसंच. कॉम्प्युटर अडकू शकतो, माझी चूक होऊ शकते. तार मध्ये विचार करत बसत नाही.

यावरून अमरावतीच्या एका गिऱ्हाइकाशी माझं वाजलंही होतं. नव्या शेडच्या उद्घाटनाला रोबोटनेच पाहुण्यांच्या गळ्यात हार घालावा असं त्यांच्या मनात होतं. पत्रिकेत छापूनही टाकलं होतं. मी म्हटलं, जाळीच्या आत माणूस जाणार नाही, मग तो कोणीही असो. त्यांनी विचारलं, पाहुण्यांना जाळीबाहेर उभं करून रोबोटचा हात लांब करता येईल का. दोन दिवस हुज्जत झाल्यावर ठरलं की रोबोट तबक पुढे सरकवेल आणि हार माणूस घालेल. पाहुणे तबकासमोर इतके मागे झुकून उभे होते की फोटोत त्यांचा चेहरा आलाच नाही, फक्त हनुवटी.

आता माझ्या सवयीबद्दल, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. मी याद्या करते. नव्या जागी गेले की पहिल्या दिवशी विचारायचे एकतीस प्रश्न ठरलेले आहेत. पहिला अर्थिंगचा, शेवटचा सकाळी मशीन चालू कोण करणार याचा. काम पाहताना पेन्सिलने कच्ची यादी करते, घरी येऊन ती पेनाने, नीट क्रमाने पक्की करते आणि कच्ची फाडून टाकते. दोन याद्या राहिल्या की घोळ होतो, असं माझं मत होतं.

जावेदभाईंचा फोन आला तो फेब्रुवारीत. अकोल्यात त्यांचं पेरणी यंत्रं बनवायचं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरच्या मागे लावायची लोखंडी चौकट, तिला नऊ फण, वर बियाण्याची पेटी, पेटीतून प्रत्येक फणाकडे उतरणारी नळी. वडील गेल्यावर जावेदभाई धंदा पाहतात. चौकटींचं वेल्डिंग मात्र त्यांचे काका, उस्मानचाचा, स्वतःच करायचे. वय त्रेसष्ट. अकोटपासून दर्यापूरपर्यंत या वर्कशॉपचं नाव होतं ते त्यांच्या चौकटीमुळे, कारण ती सपाट असते. हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण चौकटीला बोटभर पीळ असला तरी एका टोकाचा फण खोल जातो आणि दुसऱ्या टोकाचा मातीवर नुसता ओरखडे काढतो. बियाणं कुठे खोल पडतं, कुठे उघडं. आणि हे कळतं पेरणीनंतर आठ-दहा दिवसांनी, कोंब वर येतात किंवा येत नाहीत तेव्हा. ते गिऱ्हाईक मग परत येत नाही.

चाचांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि वर्षानुवर्षांच्या वेल्डिंगच्या उजेडाने आतला पडदाही दुखावला होता. मार्चमध्ये ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर त्या उजेडाकडे एकदाही पाहायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वर्कशॉपमधल्या दुसऱ्या वेल्डरांनी दोन चौकटी करून पाहिल्या, दोन्हींना पीळ आला. मृगाच्या आधी साठ यंत्रं द्यायची होती. जावेदभाईंनी एका कारखान्यातून निघालेला जुना वेल्डिंगचा रोबोट आणून ठेवला होता, आणि कंपनीने त्याचं सॉफ्टवेअर देणं कधीच बंद केलं होतं.

पहिल्या दिवशी माझे एकतीस प्रश्न संपल्यावर जावेदभाई म्हणाले, "ताई, दोन गोष्टी सांगतो, तुमच्या वहीत लिहा. चाचानं पुन्ना वेल्डिंगचा टॉर्च हातात घेतला त त्यायचे डोळे जाईन. आन चौकट वाकडी गेली त दुकान जाईन. दोन्ही नाई झालं पायजे."

मी ते लिहून घेतलं. अजून त्याच पानावर आहे.

ऑपरेशनच्या आधी चाचांनी माझ्यासाठी एक शेवटची चौकट वेल्ड केली. वेल्डिंगच्या एका सलग रेघेला जोड म्हणतात. चौकटीत चोवीस जोड होते. मी काळी काच धरून बाजूला उभी राहिले आणि प्रत्येक जोड कुठून कुठे, किती लांब, टॉर्च किती तिरका, हे सगळं टिपलं. घरी येऊन यादी पक्की केली. डावीकडून उजवीकडे, एक ते चोवीस. कच्ची फाडली.

मग रोबोटकडे वळले. ट्रकमध्ये आडवा पडून आला होता आणि वाटेत त्याच्या बॅटऱ्या संपल्या होत्या. आपला प्रत्येक सांधा किती वळलेला आहे, ही आठवण रोबोट छोट्या बॅटरीवर जपतो. ती संपली की त्याला आपला हात कुठे आहे हेच कळत नाही. सांध्यांवर कोरलेल्या खुणा जुळवून त्याचं शून्य परत बसवायला चार दिवस गेले. मुक्त सॉफ्टवेअरला रोबोटच्या अंगाची मापं सांगणारी एक फाईल लागते: कुठला भाग किती लांब, कुठला सांधा किती वळतो. आमच्या मॉडेलची फाईल कुठेच नव्हती. त्याच कंपनीच्या थोड्या मोठ्या रोबोटची मात्र कोणी तरी, कुठल्या तरी देशात बसून बनवून ठेवली होती. त्या अनोळखी माणसाचे मनातल्या मनात आभार मानले आणि टेप घेऊन एकेक माप बदललं.

ऑपरेशन होऊन चाचा काळा चष्मा लावून परत वर्कशॉपमध्ये यायला लागले होते. कामाला नव्हे, बसायला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर रोबोटचं चित्र हलतं आणि पाठोपाठ खरा हात हलतो, हे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हा त्याचा फोटू हाय का, बेटा?"

मी म्हटलं, हो, पण हा फोटो आधी हलतो.

"मंग वेल्डिंगबी फोटूनंच करून घे. वायर वाचन."

एप्रिलमध्ये दुपारी कॉम्प्युटर तापून बंद पडायला लागला. जावेदभाईंनी कूलर कामगारांकडून काढून त्याच्याकडे वळवला. त्यावर दोन दिवस टोमणे ऐकू आले: जावई आला, जावयाला वारा घाला, जावई जेवला का विचारा. तिसऱ्या दिवशी दुसरा कूलर आला आणि विषय मिटला.

पहिली चौकट झाली तेव्हा मी खूश होते. जोड इतके सुंदर की कामगार त्यावरून बोट फिरवून पाहत होते. वेळही चाचांच्या निम्मा. चाचा उठले, खिशातून दोन सुती दोऱ्या काढल्या आणि चौकटीच्या चार कोपऱ्यांवरून तिरक्या, एकमेकींना छेदतील अशा ताणून बांधल्या. चौकट सपाट असेल तर मध्यावर दोऱ्या एकमेकींना जेमतेम टेकतात. पीळ असेल तर मधे फट राहते. आमच्या फटीत माझं बोट गेलं.

चाचांनी दोऱ्या सोडल्या, गुंडाळल्या आणि बाहेर जाऊन बसले.

पुढचे बारा दिवस मी यादीतला एकेक संशयित तपासला. रोबोटचं शून्य परत बसवलं. चौकट धरून ठेवणारी जिग तपासली. करंट, वायर, टॉर्चचा वेग, पाइपची जाडी. पाच चौकटी केल्या, पाचही पिळलेल्या, आणि गंमत म्हणजे पाचही सारख्याच पिळलेल्या. चुकीतही रोबोट नेमका असतो. मेचा पहिला आठवडा संपत होता. जावेदभाई आता माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होते, आणि एका सकाळी मी आले तेव्हा चाचांचा जुना टॉर्च खुंटीवरून काढून साफ करून ठेवलेला दिसला. कोणी काढला, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

एक गोष्ट कबूल करायला हवी. मला वाटत होतं, चाचांना कारण माहीत आहे आणि ते मुद्दाम सांगत नाहीत. ज्या माणसाचं काम मशीन घेतंय, तो मशीनला कशाला मदत करेल? दोऱ्या गुंडाळताना ते मनात हसत असतील, असंही वाटलं. शेवटी कंटाळून, काहीशी रागाने, त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि विचारलं, तुम्हाला माहीत आहे ना काय चुकतंय ते?

"मले?" चाचा म्हणाले. "मले वाटलं कंप्युटरले माईत असन. तू कोणाले इचारतच नाई, बेटा. लिहूनच राहिली."

मी विनंती केली: आग न लावता, नुसत्या खडूने, चौकट कशी वेल्ड करता ते दाखवा. चाचांनी काळा चष्मा नीट केला, खडू टॉर्चसारखा धरला आणि सुरू झाले. मी मागून प्रत्येक जोडावर आकडा घालत गेले. एक, पुढच्या डाव्या कोपऱ्यात. दोन, तिरकं समोर, मागच्या उजव्या कोपऱ्यात. तीन, परत पुढे उजवीकडे. म्हातारा माणूस चौकटीभोवती चकरा मारत होता आणि माझे आकडे कुठेही ओळीत येत नव्हते. मी मधेच थांबवून विचारलं, हे असं उड्या मारत का? शेजारचा जोड सोडून इतक्या लांब कशाला?

"एका बाजूनं वढलं का दुसऱ्या बाजूनं वढा लागते. सारं एकाच अंगानं वढत गेलं त चौकट तिकडंच जाईन ना."

वाचकांसाठी सांगते. वेल्डिंगने लोखंड वितळतं आणि थंड होताना आक्रसतं. प्रत्येक जोड चौकटीला थोडंसं आपल्याकडे खेचतो. चाचा एक खेच दुसरीने फेडत होते. मी त्यांचाच क्रम डोळ्यांनी पाहिला होता, पेन्सिलने लिहिलाही होता, आणि घरी येऊन नीटनेटका करून टाकला होता. डावीकडून उजवीकडे. सॉफ्टवेअरनेही माझी री ओढली होती, कारण सर्वांत कमी अंतराचा रस्ता शोधायचा, एवढंच त्याला शिकवलेलं होतं.

आठवा जोड झाला आणि चाचा खडू ठेवून निघून गेले. मी वाट पाहत उभी राहिले. पाच मिनिटांनी जावेदभाईंना विचारलं, चाचा कुठे गेले?

"चहा पेयाले."

मी म्हटलं, अहो पण अजून सोळा जोड बाकी आहेत.

"आठ झाले का चहा. मी लहानपणापासून पाहून राहिलो."

तेव्हा मला आठवलं. कच्च्या यादीत दोन ठिकाणी मी लिहिलं होतं, 'चहा'. पक्की करताना दोन्हीवर काट मारली होती. चहा काही वेल्डिंग नव्हे.

चाचा परत आले तेव्हा मी विचारलं, चहा आठव्यानंतरच का? त्यांनी माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं. "गरम लोखंड धरून ठिवलं का धरल्या जागी पिळते. त्याले दम पायजे. आन मी इथं उभा राहिलो त माहा हात थांबत नाई. म्हून जातो." मग परत आल्यावर चौकटीला हाताचा पालथा पंजा लावायचा. चटका बसला तर अजून थांबायचं. दुसऱ्या वेल्डरांना त्यांनी सांगितलंही होतं, 'घाई नोका करू'. पण ते तर घरोघरी सगळेच सांगतात. कोणाला त्यात कृती ऐकू आली नाही.

चहाला किती वेळ लागतो ते मी मोजून पाहिलं. टपरीवर कोण भेटतं त्यावर अकरा मिनिटांपासून पंचवीसपर्यंत काहीही. हे रोबोटला सांगण्यासारखं नव्हतं. मग मी तापमान दाखवणारी पिस्तुलासारखी यंत्रं मिळतात त्यातलं एक आणलं. चौकट तापवून ठेवायची, चाचांनी मधूनमधून पालथा पंजा लावायचा आणि 'हो' म्हटलं की मी आकडा पाहायचा. त्यांना आकडा दाखवायचा नाही. सहा वेळा केलं. सहाही वेळा त्यांचं 'हो' पन्नासच्या आसपास, दोन-तीन अंशांच्या आतच आलं. सातव्या वेळी मीही माझा पंजा लावून पाहिला. मला काहीच कळलं नाही, फक्त चटका बसला.

पुढचं काम दोन दिवसांचं होतं, आणि इथे मुक्त सॉफ्टवेअरचा उपयोग कळतो. कुलूपबंद असतं तर मी अर्ज पाठवून बसले असते. इथे मी सॉफ्टवेअर उघडलं, जोडांचा क्रम जिथे आपोआप ठरतो ती जागा शोधली आणि तिथे माणसाने दिलेला क्रम घेईल असा बदल केला. आठव्या आणि सोळाव्या जोडानंतर तापमान पाहून थांबायची सोय केली. रोबोट रिकामा थांबू नये म्हणून समोर दुसरं टेबल मांडलं. एक चौकट निवते तोवर तो दुसरीकडे वळतो.

नव्या क्रमाने पहिली चौकट निघाली तेव्हा कूलर बंद करायला लावले, दोऱ्या हलायला नकोत म्हणून. चाचांनी दोऱ्या ताणल्या आणि मध्यावर, दोन्हींच्या मधून, वर्तमानपत्राचा एक तुकडा सरकवला. कागद अडखळत, घासत गेला. त्यांनी तो परत काढला, परत घातला. मग जावेदभाईंना म्हणाले, "पुढची लाव." जावेदभाईंनी तो साफ करून ठेवलेला टॉर्च उचलला आणि आत कपाटात ठेवून आले.

तो बदल मी सगळ्यांसाठी परत ठेवला. असा बदल घेण्याआधी बाकीचे लोक तो तपासतात. लांबच्या एका देशातून कोणी तरी अतिशय सभ्यपणे लिहिलं की क्रमाची कल्पना चांगली आहे, पण मधलं थांबणं वेळ खातं, ते चुकून राहिलं आहे का, काढून टाकू का? मी हे चाचांना वाचून दाखवलं.

"त्याले म्हणा, न थांबता एक चौकट करून पाय. मंग बोलू."

मी तेच जरा मऊ करून लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, एका ओळीचं: थांबणं राहू द्या.

साठ यंत्रं वेळेत गेली. प्रत्येक चौकटीवर दोरी चाचांनीच लावली. चार त्यांनी परत पाठवल्या, त्या माझ्या मोजमापाने चालण्यासारख्या होत्या. सात फणांचं नवं मॉडेल आलं तेव्हा आधी खडू त्यांच्या हातात दिला, मग मी कॉम्प्युटर उघडला.

कच्च्या याद्या मी आता फाडत नाही. पण आधीच्या आठ वर्षांत किती फाडल्या, ते मोजता येणार नाही, आणि कोणाकोणाच्या कामातलं काय काय मी 'हे काम नव्हे' म्हणून काटून टाकलं, तेही. दालमिलचं मला आठवत होतं. तिथे रोबोटने रचलेली पोत्यांची थप्पी नेहमी किंचित कलायची आणि मी दोष पोत्यांच्या शिलाईला दिला होता. जून सुरू होताना मुद्दाम तिथे गेले. तो मिसा फुटायच्या आधीपासून पोती उचलणारा हमाल आता रोबोटच्या जाळीचं दार सांभाळतो. त्याला विचारलं, तुम्ही हाताने थप्पी लावायचे तेव्हा दर पाचव्या थराला वर चढून उभे राहायचे, ते कशासाठी?

"हवा काढाले. पोत्यातली हवा निघाली का थर बसते."

मी म्हटलं, मग तेव्हा का नाही सांगितलं?

"तवा तुमी घड्याळ धरून उभ्या होत्या, मॅडम. आमाले वाटलं, टाइम खाल्ला म्हून लिहून राहिल्या."

आता तिथे पाचव्या थरानंतर रोबोट एका फळीने थर दाबतो.

जुलैत जावेदभाईंचा फोन आला. दर्यापूरकडच्या राऊत नावाच्या गिऱ्हाइकाच्या सोयाबीनमध्ये डावीकडच्या दोन ओळी उगवल्याच नव्हत्या. जिथे जिथे यंत्र फिरलं तिथे सगळीकडे डावीकडच्या दोन. राऊत गावभर सांगत होते की यंदा चौकटी मशीनने केल्यात, म्हाताऱ्याने नाही. ज्या भीतीने सगळं केलं ती समोर उभी होती. साठ चौकटी बाहेर गेल्या होत्या. एक पिळलेली असेल तर बाकीच्यांचं काय, हे राऊतांकडे जाताना जीपमध्ये जावेदभाई, चाचा आणि मी, तिघांनीही एकमेकांना विचारलं नाही. मी कारणांची यादी केली होती. तिच्यात पहिलं नाव माझ्या सॉफ्टवेअरचं होतं.

यंत्र राऊतांच्या शेडमध्ये होतं. चाचांनी दोऱ्या ताणल्या. कागद मागितला. घासत गेला. त्यांनी दोऱ्या सोडल्या आणि बाजू बदलून परत ताणल्या. परत तेच.

"दोरीनं काय समजते, चाचा?" राऊत म्हणाले. "मशीननं केली त मशीननं मोजा ना."

चाचा डावीकडच्या फणांजवळ उकिडवे बसले. काळा चष्मा कपाळावर सरकवला, पहिली नळी खालून उजेडाकडे धरली आणि ऑपरेशन झालेला एक डोळा तिला लावला. मग नळी फणावर दोनदा आपटली. वाळलेल्या काळ्या मातीचा गोळा जागचा हलला नाही. दुसऱ्या नळीतही तेच. त्यांनी विचारलं, ट्रॅक्टर कोण चालवते? ड्रायव्हर शेडच्या दाराशीच होता.

"धुऱ्यापाशी वळवतानी यंत्र उचललं नाई, तसंच मांगं घेतलं. व्हय का नाई?"

ड्रायव्हर ट्रॅक्टरच्या टायरकडे पाहत राहिला. धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी, वळताना फण जमिनीत ठेवूनच यंत्र मागे घेतलं की नळ्यांत माती भरते, हे राऊतांनाही माहीत होतं. ते म्हणाले, "म्हंजे रोबोटचं काई चुकलं नाई?"

"कशी जोडाची ते म्या सांगतलं," चाचा म्हणाले, "जोडली त्यानं. चौकट सरळ हाय आमची."

आणि त्यांनी नळ्या साफ करायला तार मागितली.